अकरा मिनिटाचं माहेर

अकोल्याहून अमरावती किती दूर हाय, हे मले विचारू नका. रस्त्यानं किलोमीटरचे दगड लावले हायेत, ते वाचा. मानसाले विचारसान तं तो आपल्या सोयीनं सांगते. खुशीचं लगन जमून राहिलं होतं, तवा तिचे होनारे सासरे भगवंतराव अकोल्यात आमच्या वामनरावाच्या ओट्यावर बसून म्हनले, "अमरावती काय हो, तोंडात पान टाकलं तं ते संपायच्या आंधी येते." तेच भगवंतराव तीन वर्सानं, सून पोटुशी झाल्यावर म्हनले, "अकोला लय लांब पडते, बाप्पा." रस्ता तोच. उलट मधातल्या काळात तो चांगला रुंद झाला होता.

मी देवमन. वामनरावाचा साडू. आमच्या दोघांच्या बायका सख्ख्या बहिनी. साडू म्हंजे असा सोयरा का जो आपून निवडलेला नसते, पन लोकं आपल्याले जलमभर त्याच्याचसंग मोजतेत. मले राग लवकर येते. वामनरावाले येतच नाही, म्हून त्यांच्या वाटचा बी मलेच येते. सांगता सांगता कुठं आवाज चढला तं समजून घ्या.

वामनरावाचा अकोट रस्त्याले मळा हाय. झेंडू, शेवंती, निशिगंध. सकाळी फुलबाजारात बसतेत अन् हार गुंफतेत. नवरदेवाचा हार, पुढाऱ्याचा हार, मयताचा हार, सुई एकच. हाताले असा गुन हाय का सांगता सोय नाही. पन तोंडाले एक रोग हाय, अकोला. त्यांच्या मतानं जगात जे काही चांगलं हाय ते अकोल्यात हाय, अन् जे अकोल्यात नाही त्याची मानसाले गरजच नाही. उन्हाळ्यात ज्या दिवशी टीव्हीवर अकोल्याचा पारा पयल्या नंबरावर येते, त्या दिवशी वामनराव गिऱ्हाइकाकडं असे पाहतेत जशी रातभर भट्टी यायनंच पेटवली. अमरावतीचं पानी त्यायले फिकं लागते. आमच्याकडच्या विहिरीचं पानी खारं, डाळीत मीठ टाकाचं काम नाही असं, तं म्हने त्यात जोर हाय.

अशा मानसाची एकुलती एक पोरगी अमरावतीले दिली. अन् मंग अमरावतीले विमान सुरू झालं. बेलोऱ्याहून उडते, मुंबईले जाते. आमच्या शिवनीले बी धावपट्टी हाय, पन तिकिट काढून बसावं असं विमान नाही. भगवंतरावाचा फोन आला का पयलं वाक्य, "आत्ताच विमान गेलं हो आमच्यावरून." वामनराव म्हनत, "मंग आता आमच्यावरून जाईन. मुंबईचा रस्ता अकोल्यावरूनच हाय. खाली तुमचं असन, वर अर्धं आमचं हाय." आता ह्यात खोटं काही नव्हतं. अकोल्याच्या मानसाले त्या विमानात बसायचं तं आंधी दोन तास उलटं अमरावतीकडं जायचं, अन् मंग वरून आपल्याच घराचे पत्रे पाहत परत यायचं.

वामनरावाले दुसराही एक रोग होता, तो खानदानी. लेकीले लेकरू होत नाही तंवर बापानं तिच्या घरचं अन्नपानी घ्यायचं नाही. होता आमच्याकडं असा रिवाज, आता कोनी पाळत नाही. वामनरावानं पाळला. काहून, तं त्यांच्या बापानं पाळला होता. लगीनसराईत आठवड्यातून दोन खेपा फुलं घेऊन अमरावतीले जात. लेकीच्या फाटकापाशी उभे राहत, भाजीची पिशवी आत देत. खुशी पान्याचा गिलास घेऊन येई. हे म्हनत, "राहू दे बाई, गाडी हाय." ती गिलास परत घेऊन जाई. मंग हे तिच्याच गल्लीच्या कोपऱ्यावरच्या टपरीत अर्धा घंटा बसत, दोन कप चहा पेत अन् तिच्या घराकडं पाहत. अशी गाडी, जी कधी निघतच नव्हती. पोरगी सैपाक कसा करते, हे बापाले मले विचारा लागे, कारन मी मावसा, मले बंदी नव्हती. मी तिच्याकडून जेवून आलो का विचारत, "वांग्यात तिखट बरोबर टाकते का?" मी म्हनो, जाऊन खाऊन पाहा ना. तं सुई घेऊन हाराले लागत.

खुशीले सातवा लागला. ओटीभरनाले आमी जीप करून अमरावतीले गेलो. पंगत बसली, मी दोनदा बसलो. वामनराव अन् त्यांची बायको पार्बताबाई बाहेर जीपमंधी बसून घरून बांधून आनलेली भाकर अन् ठेचा खाऊन राहिले होते. जिची ओटी तिचे मायबाप रस्त्यावर, अन् मावसा पाटावर. मले लाज वाटली, पन पुरनाची पोळी गरम होती.

पयलं बाळंतपन माहेरी, हा रिवाज. अन् आठवा लागला का बाईले गावाहून गावाले हालवत नाहीत, हा बी रिवाज. म्हंजे पोरीले न्यायचं तं सातव्यातच. जेवनं आटोपल्यावर वामनराव मांडवात आले अन् म्हनले, "मंग व्याही, पोरीले आज घेऊन जातो."

भगवंतराव सुपारी कातरून राहिले होते. मान वर न करता म्हनले, "अकोला लय लांब पडते, बाप्पा. अडीच तास. पोटुशी बाई, गाडीचे हादरे. इथं दवाखाना जवळ, डॉक्टरीन ओळखीची. तुमच्या गावाले विमानबिमान असतं तं मी एका पायावर धाडली असती. आता नाही, त्याले मी काय करू?"

पाहुने हासले. खुशी हिरव्या लुगड्यात पाटावर बसली होती, तिनं बापाकडं पाह्यलं. तिचा नवरा प्रीतम, मानूस चांगला हाय पन बापासमोर तोंड उघडत नाही, तो चपलांच्या ढिगात आपली चप्पल शोधू लागला.

वामनरावानं खिशातून मोबाईल काढला. तोंडापाशी धरला अन् बहिऱ्याले सांगावं तसं मोठ्यानं बोलले, "अमरावती. अकोला. विमान. किती वेळ." मोबाईलनं जरा विचार केला अन् एक पान उघडून देलं. वामनरावानं चष्मा चढवला, वाचलं, अन् मोबाईल भगवंतरावाच्या सुपारीच्या ताटात नेऊन ठेवला.

"वाचा. अंतर, ऐंशी किलोमीटर. विमानाले लागनारा वेळ, अकरा मिनिटं. अडीच तास कोन म्हनते? माह्या पोरीले मी विमानानं नेतो."

भगवंतरावानं वाचलं. दोनदा वाचलं. तो मानूस पक्का, त्यायले एका नजरेत समजलं का ह्या पानात विमान कुठंच नाही, नुसता वेळ हाय. "न्या," ते म्हनले. "विमान आना अन् पोरगी घेऊन जा. पन विमानानंच. सगळ्यायसमोर बोलले हा तुमी."

"बोललो," वामनराव म्हनले, अन् टाळी देली.

जीपमंधी पार्बताबाईले हे समजलं तवा तिनं डोक्याले हात लावला. "अमरावती-अकोला विमान कोनं पाह्यलं?" तिनं विचारलं.

"पाह्यलं नसन कोनी. पन वेळ लिहेल हाय ना. वेळ कोनी उगाच लिहीन का? गाडी असन तवाच वेळ लिहितेत."

मी खिडकीतून किलोमीटरचे दगड मोजू लागलो.

घरी आल्यावर मी माह्या मोबाईलवर तेच पान उघडलं. मले जे समजलं ते असं, का त्या पानाले विमानाशी काही देनं-घेनं नाही. तुमी कोनतेही दोन गावं टाका, ते मधातलं अंतर विमानाच्या वेगानं भागते अन् आकडा फेकते. मी टाकलं, मूर्तिजापूर ते अचलपूर. तं म्हने आठ मिनिटं. ह्याच वाटेनं आमची शकुंतला, ती छोटी रेल्वे, जात होती. तिच्यात बसलेला मानूस पोचेपर्यंत त्याची दाढी वाढे, अन् आता तर तीही बंद हाय. मंग मी टाकलं, फुलबाजार ते माहं घर. त्याले म्हने माहिती सापडली नाही. एवढी तरी लाज होती त्याले.

हे सांगायले मी वामनरावाकडं गेलो. तं म्हने, "देवमन, तुमी मधात बिब्बा घालू नका."

दुसऱ्या दिवशी मलेच घेऊन ते तिकिटाच्या दुकानात गेले. तिथं करिश्मा नावाची पोरगी बसते, पुन्याकडं शिकून आलेली, म्हून बोलनं साफ. वामनराव खुर्चीवर बसले अन् म्हनले, "अमरावती ते अकोला. एक बाई. अन् एक तिच्या पोटात, त्याचं तिकिट लागत नसन."

"काका, अकोल्याला विमान नाही."

"पन वेळ हाय," वामनराव म्हनले अन् मोबाईल पुढं केला.

पोरगी समजदार. तिनं ते पान पाह्यलं, हासली नाही, आपल्या कॉम्प्युटरात बोटं चालवली. "असं करता येईल," ती म्हनली. "अमरावतीहून विमानानं मुंबई. मुंबईत मुक्काम. मग रेल्वेनं अकोला."

"वेळ?"

"दीड दिवस धरा. आणि सातवा महिना म्हणजे डॉक्टरची चिठ्ठी लागेल."

वामनरावानं बराच वेळ टेबलावरच्या छोट्या विमानाकडं पाह्यलं, ते शोभेचं ठेवेल होतं. "बाई, एक सांग. हे मुंबईचं विमान अकोल्यावरूनच जाते ना?"

"जात असेल, काका."

"मंग उतरत काहून नाही?"

"थांबा नाही त्याला."

"थांबा तं आमच्या मळ्यापाशी बी नाही. हात केला का गाडी थांबते."

करिश्मानं मान खाली घातली, दोन घडी तशीच ठेवली, मंग वर केली. "वरून हात दिसत नाही, काका."

हे मात्र वामनरावाले पटलं. पायऱ्या उतरता उतरता म्हनले, पोरगी एक गोष्ट खरी बोलली.

मंग आमी एका पुढाऱ्याकडं गेलो. नाव सांगत नाही, गरजही नाही, असे गावोगाव हायेत. त्याच्या सगळ्या सत्काराचे हार वामनरावाचे. त्यानं पुरं ऐकून घेतलं, वामनरावाच्या खांद्यावर हात ठेवला अन् म्हनला, "वामनराव, अकोल्याले विमान येऊन राहिलं."

वामनराव खूश. मी विचारलं, कधी? तं म्हने, सांगतलं ना, येऊन राहिलं. आता हे परमुलखातल्या मानसाले समजनार नाही. पुन्याचा मानूस 'येऊन राहिलं' ऐकन तं म्हनन, आलं अन् मुक्कामाले राहिलं. आमच्या वऱ्हाडात त्याचा अर्थ येवढाच, का अजून आलं नाही. वाटेत हाय. वाट कोनती, ते विचारायचं नाही. पुढाऱ्यायले ही बोली लय कामाची पडते. निघता निघता वामनरावानं त्याले हार घातलाच. सोबत नेलाच होता, न घालून काय करतीन.

दिवस चालले. पार्बताबाईनं माळ्यावरचा पाळना काढून धुतला, उन्हात ठेवला. डिंक आनला. जुन्या लुगड्यायची गोधडी शिवली, दुपट्यायले काठ लावले. संध्याकाळी वामनराव मळ्यातून घरी आले का ती फक्त येवढंच विचारे, "झाले का हो अकरा मिनिटं?" ते चूळ भरायले मोरीत जात.

खुशीचा फोन येई. "बाबा, कधी येता?"

"येऊन राहिलो, बाई."

पोरगी वऱ्हाडातलीच. तिले अर्थ समजला.

आठवा लागायले चार-दोन दिवस राहिले होते. एका सकाळी खुशीचा फोन मलेच आला. "मावसाजी, बाबाले घेऊन या. जीप नको, विमान नको. नुसतं घेऊन या." आवाज असा होता का मी माह्या दुकानातून तसाच उठलो अन् फुलबाजारात गेलो.

वामनराव शेवंती निवडत होते. मी त्यायले जे बोललो ते इथं सांगत नाही, बाजूले बायका होत्या तरी बोललो. त्यायनं ऐकून घेतलं. मंग म्हनले, "रिकाम्या हातानं कोनत्या तोंडानं जाऊ? चारचौघात बोललो. पोरगी पाटावर बसून ऐकून राहिली होती. तिले वाटलं असन, बाबा विमान आनतीन. नाही आनता आलं, हे तिले तोंडावर कसं सांगू, देवमन? बाळंत होईन ती तिकडं, अन् तिची माय इकडं पाळना धुऊन बसली."

तीस वर्सात पयल्यांदा त्यांच्या बोलन्यात अकोला आलं नाही. माहा राग तिथंच गेला, अन् राग गेला का मले काय बोलावं ते सुचत नाही. मी म्हनलं, चाला.

येतो म्हनले, पन एका अटीवर. आंधी बेलोऱ्याले जायचं, एक बार विचारून घ्यायचं, म्हंजे मनात राहनार नाही. गेलो. विमानतळाच्या दारावर शिपाई होता. त्यानं तिकिट विचारलं.

"तिकिट नाही. विचारायचं हाय."

"काय?"

"हे विमान अकोल्यावरून जाता जाता जरा..." वामनराव म्हनले, अन् हातानं विमान खाली उतरवून दाखवलं.

शिपाई भला होता. म्हनला, "काका, उनात उभे राहू नका. तिकडं सावलीत व्हा."

आमी सावलीत झालो. थोड्या वेळानं आवाज वाढला अन् ते उठलं, आमच्या डोक्यावरून वळलं अन् अकोल्याकडं गेलं. वामनरावानं पार्बताबाईले फोन लावला. "गच्चीवर जाय. वर आभाळात पाह्य."

"काहून?"

"जाय तं."

ती गुडघे धरून गेली. मंग दोघं नवरा-बायको फोनवरच थांबले. झेंडू तोडला का, हो तोडला. मोटर चालू केली का, लाइन नाही. दूध नासलं. असं चाललं होतं, अन् मी बाजूले उभा. मधातच ती म्हनली, "आवाज येऊन राहिला. दिसलं. गेलं." मी घडी पाह्यली. अकरा-बारा मिनिटं झाले असतीन. मोबाईलचं पान खोटं नव्हतं. विमान अकोल्याले पोचून पुढं निघून गेलं होतं, अन् आमी दोघं अजून फाटकाबाहेरच होतो.

फोनमधून पार्बताबाईचा आवाज मलेही ऐकू आला. "ते आलं बी अन् गेलं बी. माही पोरगी कुठं हाय, ते सांगा."

वामनरावानं फोन खिशात ठेवला.

खुशीच्या घरी गेलो तं भगवंतराव अंगनात खुर्ची टाकून बसेल. आमाले पाहून म्हनले, "आलं का विमान?" वामनराव नेहमीसारखे फाटकाबाहेर थांबले. खुशी आली. पोट मोठं दिसत होतं, चाल जड झाली होती, अन् हातात पान्याचा गिलास. वामनरावाच्या तोंडातून सवयीनंच निघालं, "राहू दे बाई, गाडी हाय."

या बारीले तिनं गिलास परत नेला नाही. तिथंच उभी राहिली.

"मामाजी म्हनतेत अकोला अडीच तास," ती म्हनली. "तुमी म्हनता अकरा मिनिटं. ह्या फाटकापासून माह्या घरात यायले किती वेळ लागते, बाबा?"

वामनरावानं फाटकाच्या कडीकडं पाह्यलं.

"आत या, बसा, पानी प्या. मंग तुमी म्हनसान त्या गाडीत मी येते, एस.टी.त बी येते. नाही पेले तं दारात विमान आनून उभं केलं तरी येत नाही. इथंच बाळंत होते."

"बाई, रिवाज हाय. माह्या बापानं..."

"कोपऱ्यावरची टपरी माहीत हाय ना तुमाले?"

"हाय."

"तो टपरीवाला रोज सकाळी आमच्या बोरचं पानी भरून नेते. मीच नळी लावून देते त्याले. तीन वर्सापासून तुमी माह्याच घरचं पानी पेऊन राहिले, बाबा. फक्त साखर-पत्ती टाकून."

मले हासू आलं, मी ते खोकल्यात दाबलं. वामनरावानं कोपऱ्याकडं पाह्यलं. टपरीवाला गिलास धुऊन राहिला होता, त्याले काही पत्ता नव्हता. मंग त्यायनं पोरीकडं पाह्यलं.

"तुले माहीत होतं, मी तिथं बसतो?"

"खिडकीतून दिसत होते ना. आंधी तो दुसरीकडून पानी आने. मीच त्याले सांगतलं, आमचं नेत जाय म्हनून. तुमी येत नव्हते, तं पानी धाडलं."

वामनरावाचे डोळे भरून आले. लपवले नाहीत, पुसले बी नाहीत. फाटकाची कडी त्यायले उघडताच येईना, तीन वर्सात कधी हात लावला नव्हता तिले. मी उघडून देली. ते आत गेले, भगवंतरावाच्या बाजूच्या खुर्चीवर बसले, गिलास घेतला अन् एका दमात खाली केला. मंग रिकामा गिलास हातात फिरवत म्हनले, "आमच्यापेक्षा गोड हाय."

मी त्यांचा तीस वर्साचा साडू. हे वाक्य मी ऐकलं म्हून सांगतो, दुसऱ्या कोनी सांगतलं असतं तं मी त्याले खोट्यात काढलं असतं. खुशीनं दुसरा गिलास आनला. तो बी पेले.

आता भगवंतरावाची पाळी होती. आमाले वाटलं, हा मानूस टाळीची आठवन देईन. पन ते सुपारीचा तुकडा तोंडात इकडून तिकडं करत राहिले. तुकडा गालात सारून म्हनले, "न्या. पन हळू न्या." मंग आपल्याच पायाकडं पाहत म्हनले, "प्रीतमची माय गेल्यापासून ह्या घरात आवाज म्हनून एक हिचाच हाय. ही चार महिने तिकडं गेली का घर खायाले उठते. म्हून म्हनलो तसा. अडीच नाही लागत, व्याही. दोनच लागतेत."

"पावने दोन," वामनराव म्हनले.

"असतीन," भगवंतराव म्हनले.

अन् मंग म्हने, एस.टी.नं काहून, माही गाडी हाय, मीच सोडून देतो. सायकलवाले आमाले मागं टाकून जात होते. दर खड्ड्याच्या आंधी गाडी थांबे, भगवंतराव मान वळवून विचारत, "ठीक हाय ना, बाई?" अन् मंग गाडी खड्ड्यात उतरे जसं तान्हं लेकरू पाळन्यात ठेवून राहिले. मूर्तिजापुरले चहा झाला, बोरगावले भजे झाले. दोघं व्याही पूर्न रस्ता खारं पानी अन् गोडं पानी, ह्यावर बोलत होते, मी मागच्या सीटवर खुशीच्या उशा धरून. दिवे लागनीले पोचलो. पार्बताबाई दारात भाकरतुकडा घेऊन उभीच होती. घडीकडं कोनीच पाह्यलं नाही, मीही नाही.

दुसऱ्या दिवशी फुलबाजारात ही गंमत. सगळ्यायले टाळीची गोष्ट माहीत होती. समोरच्या गाळ्यातली गंगूबाई बेलाच्या जुड्या बांधता बांधता म्हनली, "वामनभाऊ, पोरीले विमानानं आनलं म्हने. किती वेळ लागला?"

आजूबाजूचे सगळे कान देऊन बसले. मी मनात म्हनलं, आता हा मानूस अकरा मिनिटं म्हनन, अन् मी सगळ्यायसमोर त्याची पोल खोलीन.

वामनरावानं बालदीतून ओंजळभर पानी घेतलं. "तीन वर्स लागले, बाई," ते म्हनले, अन् झेंडूवर शिपडू लागले.